रत्नागिरीचा सुतार, मुंबईचा कंत्राटदार : भागोजीशेठ कीर यांच्या जीवनकार्याचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

रत्नागिरी शहराच्या आधुनिक इतिहासात तीन नावे प्रामुख्याने घेतली जातात. १८५६ मध्ये या शहरात जन्मलेले लोकमान्य टिळक, १८८६ पासून १९१६ मध्ये मृत्यू येईपर्यंत येथे नजरकैदेत असलेला ब्रह्मदेशाचा राजा थिबा आणि १९२४ ते १९३७ या काळात जिल्ह्यात स्थानबद्ध असलेले वि. दा. सावरकर ही ती तीन नावे होत. शहरातील पतितपावन मंदिराचा इतिहास यांपैकी तिसऱ्या नावाच्या अनुषंगाने लिहिला गेला आहे. या इतिहासात भागोजीशेठ कीर यांचा उल्लेख येतो, तो बहुधा एका वाक्यात आणि 'दानशूर' या विशेषणासह. मंदिरासाठी धन देणारा गृहस्थ एवढीच त्यांची ओळख उरते. हे धन कोणत्या श्रमातून उभे राहिले, ते देणाऱ्याचा व्यवसाय कोणता होता आणि त्या व्यवसायाने त्याला कोणती दृष्टी दिली, हे प्रश्न सहसा विचारले जात नाहीत.

लोणार परिसरात इतिहासाचे अध्ययन-अध्यापन करणाऱ्यांना हा प्रश्न अपरिचित नाही. येथील दैत्यसूदन मंदिराविषयी आपण विद्यार्थ्यांना शैली सांगतो, मूर्तिशास्त्र सांगतो, चालुक्य-यादव काळाचा संदर्भ देतो. परंतु ज्या पाथरवटांनी त्या शिळा घडविल्या त्यांच्याविषयी सांगण्यासारखे आपल्याजवळ काही नसते. मध्ययुगीन कारागिराचे अनामिक राहणे हा साधनांच्या अभावाचा परिणाम मानता येईल. विसाव्या शतकातील कारागिराच्या बाबतीत मात्र ही सबब चालणार नाही. त्याचे नाव ज्ञात आहे, त्याने उभारलेल्या वास्तू उभ्या आहेत आणि त्याचा काळ जनगणना, गॅझेटियर व कायदे यांच्या नोंदींनी प्रकाशित झालेला आहे. म्हणूनच प्रस्तुत शोधनिबंधात भागोजीशेठ कीर यांच्या जीवनाचा विचार 'देणगीदार' म्हणून न करता 'कारागीर' म्हणून केला आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील रत्नागिरी बंदराची आर्थिक-सामाजिक पार्श्वभूमी समजून घेणे.
२. भंडारी समाजातील तरुणांच्या मुंबईकडील स्थलांतराची कारणे तपासणे.
३. मुंबईच्या बांधकाम व्यवसायात कारागिराच्या उन्नतीची प्रक्रिया स्पष्ट करणे.
४. पतितपावन मंदिराच्या उभारणीतील कीर यांच्या भूमिकेचे पुनर्मूल्यांकन करणे.

गृहीतक :

मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर पतितपावन मंदिराच्या रूपाने जो मार्ग पुढे आला, तो केवळ वैचारिक प्रेरणेतून आलेला नसून कारागिराच्या स्वकमाईमुळे आणि व्यावसायिक अनुभवामुळे शक्य झाला.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व तौलनिक पद्धतीचा अवलंब केला आहे. कीर यांच्या बालपणाविषयी व तारुण्याविषयी ज्या आठवणी सांगितल्या जातात त्या गौरवपर स्वरूपाच्या आहेत. त्यामुळे अशा आठवणींचा उल्लेख करताना त्यांचे स्वरूप आठवणींचेच ठेवले असून त्या तत्कालीन परिस्थितीशी ताडून पाहिल्या आहेत.

१. मच्छीमारांचे बंदर : रत्नागिरी

जिल्ह्याचे मुख्यालय, न्यायालय, शाळा व सरकारी कचेऱ्या यांमुळे रत्नागिरीला प्रशासकीय शहराचे स्वरूप आले असले, तरी समुद्रकाठच्या वस्त्यांचे जीवन मासेमारीभोवतीच फिरत होते. मिरकरवाड्याचे बंदर, भाट्याची खाडी, मिऱ्याचा किनारा आणि रत्नदुर्गाच्या पायथ्याची वस्ती या भागांत खारवी, गाबीत, दालदी, भंडारी इत्यादी समाज राहत. त्यांपैकी दालदी हे मुसलमान मच्छीमार होत. १८८० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरी-सावंतवाडी गॅझेटियरमध्ये या समाजांच्या व्यवसायांची नोंद आढळते.

मासेमारीचे गाव केवळ मच्छीमारांचे नसते, ही बाब येथे लक्षात घेणे आवश्यक आहे. होडी, मचवा, पडाव, गलबत यांची बांधणी व दुरुस्ती करणारा सुतार, खिळे व नांगर घडविणारा लोहार, काथ्या वळणारी कुटुंबे, सुकी मासळी बाजारात नेणाऱ्या स्त्रिया आणि माड राखणारे भंडारी हे सर्व त्या अर्थव्यवस्थेचे घटक होते. पावसाळ्यात समुद्र बंद होई आणि नारळी पौर्णिमेनंतर होड्या पुन्हा पाण्यात जात. मधल्या काळात मिळकत थांबे, घरातील माणसे मात्र तेवढीच राहत. या काळात मिळेल ते काम करणे हाच कुटुंबाच्या निर्वाहाचा उपाय होता.

भागोजी बाळूजी कीर यांचा जन्म १८६७ च्या सुमारास रत्नागिरीतील एका गरीब भंडारी कुटुंबात झाला. बालपणी ते उंडीची फळे गोळा करून विकत असत, अशी आठवण सांगितली जाते. ही आठवण परिस्थितीशी सुसंगत वाटते. उंडीच्या बियांपासून निघणारे तेल दिव्यासाठी व होड्यांच्या लाकडाला लावण्यासाठी वापरले जाई. म्हणजेच ही फळे वेचणारा मुलगा नकळत बंदराच्याच व्यवसायात शेवटच्या पायरीवर उभा होता. घरखर्चाला हातभार लावणारी मुले ही त्या काळातील कारागीर कुटुंबांची सार्वत्रिक वस्तुस्थिती होती.

२. भंडारी समाज, अबकारी कायदा आणि स्थलांतर

माडाची माडी काढणे हा भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय. शिडीविना माडावर चढणे, पोय बांधणे, ती योग्य वेळी छेदणे व दिवसातून ठराविक वेळा रस उतरविणे हे काम कौशल्याचे व जोखमीचे होते. ब्रिटिश अमदानीत या व्यवसायाकडे शासनाने महसुलाचे साधन म्हणून पाहिले. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्याने झाडावरील कर, परवाना आणि मक्तेदारांच्या नियंत्रणाखालील दारूनिर्मिती ही व्यवस्था दृढ केली. मोठा भांडवलदार मक्तेदार या व्यवस्थेत टिकला. चार माडांवर घर चालविणारा भंडारी मात्र अडचणीत आला. घरच्या भट्टीवर बंदी आली आणि ज्या झाडाशी पिढ्यान्‌पिढ्यांचा संबंध, त्या झाडाचा कर आगाऊ भरावा लागू लागला.

याच सुमारास रत्नागिरी जिल्ह्यातून मुंबईकडे होणारे स्थलांतर वाढले. १८८१ च्या जनगणनेत मुंबई शहराची लोकसंख्या सुमारे ७ लाख ७३ हजार होती व त्यांपैकी सव्वा लाखाच्या आसपास लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले होते. मुंबईतील दर सहा माणसांमागे साधारण एक माणूस रत्नागिरी जिल्ह्यातला होता, असे या आकडेवारीवरून म्हणता येते. गिरण्या, गोदी, पोलीस, सैन्य, घरकाम आणि बांधकाम या क्षेत्रांत हे लोक सामावले गेले.

या स्थलांतराचे वैशिष्ट्य असे की, ते कुटुंबाला गावी ठेवून झालेले स्थलांतर होते. कर्ता पुरुष मुंबईत खोलीतील इतर गाववाल्यांबरोबर राही. पत्नी, आईवडील व मुले गावी असत. मनीऑर्डर, गणपती व शिमग्याची रजा आणि पावसाळ्यापूर्वी घर शाकारण्यासाठी पाठविलेले चार पैसे यांवर हे दुहेरी घर उभे असे. 'चाकरमानी' या एका शब्दात कोकणाने ही सारी व्यवस्था साठविली आहे. घरापासून दूर राहून घर चालविणे हा या कारागिरांच्या कौटुंबिक जीवनाचा गाभा होता आणि मुंबईत मिळविलेला पैसा गावी परत गेला पाहिजे, ही भावना त्यातूनच दृढ झाली. कीर यांच्या पुढील आयुष्यातील रत्नागिरीविषयीची ओढ या सामाजिक सवयीच्या संदर्भात पाहिली पाहिजे.

भागोजी लहान वयातच समुद्रमार्गे मुंबईस गेले. कोकण रेल्वे येईपर्यंत रत्नागिरीहून मुंबईस लोहमार्ग नव्हता. एकोणिसाव्या शतकात गलबत अथवा आगबोट हेच प्रवासाचे मुख्य साधन होते. खिशात पैसे नसताना तांडेलाच्या कृपेने त्यांनी प्रवास केला, अशी कथा प्रचलित आहे. कथेचा तपशील कसाही असो, किनाऱ्यावरील गरीब मुलाला मुंबईचा रस्ता समुद्रानेच दाखविला, हे तिचे तात्पर्य ऐतिहासिकदृष्ट्या योग्य आहे.

३. मुंबईचा बांधकाम व्यवसाय आणि कारागिराची जडणघडण

मुंबईत भागोजी सुतारकामात शिरले. रंधा मारण्यापासून त्यांनी सुरुवात केली, असे सांगतात. त्या काळच्या सुतारकामात शिकाऊ मुलाला प्रथम वाकस, करवत, पटाशी, गिरमिट यांपैकी कोणतेही हत्यार स्वतंत्रपणे वापरू दिले जात नसे. फळी धरणे, भुसा झाडणे, हत्यारांना धार लावणे व रंधा ओढणे ही त्याची पहिली कामे. गुण्या आणि ओळंबा यांची पारख डोळ्यांत उतरल्यावरच तो कारागीर ठरे. हे शिक्षण लेखी नव्हते आणि त्याचे प्रमाणपत्रही नव्हते. सांधा घट्ट बसला की नाही, चौकट काटकोनात आहे की नाही, एवढीच त्याची परीक्षा होती.

या व्यवसायातील चढण पायऱ्यापायऱ्यांची होती. बिगारी, कारागीर, मिस्त्री, ठेकेदार व कंत्राटदार अशा त्या पायऱ्या होत. मिस्त्री इतरांकडून काम करवून घेई. ठेकेदार मजुरीचा ठेका अंगावर घेई. कंत्राटदार मालासह संपूर्ण कामाची जबाबदारी स्वीकारी. पहिल्या दोन पायऱ्या कौशल्याने चढता येत. त्यापुढे भांडवल लागे आणि गरीब कारागिराजवळ भांडवल नसे. अशा वेळी त्याची विश्वासार्हता हेच त्याचे भांडवल ठरे. वेळेत काम पुरे करणारा, मापात खोट न करणारा आणि मजुरांची मजुरी न बुडविणारा मिस्त्री असेल तर मोठी पेढी त्याला पुढील काम देई, उचल देई आणि त्यातून तो स्वतःच्या पायावर उभा राही.

कीर यांच्या उन्नतीचा संबंध पालनजी मिस्त्री यांच्या पेढीशी जोडला जातो. १८६५ मध्ये स्थापन झालेली व पुढे शापूरजी पालनजी या नावाने प्रसिद्ध झालेली ही पारशी पेढी मुंबईतील अग्रगण्य बांधकाम संस्था बनली. या पेढीने क्लॉड बॅटली यांच्या आराखड्यानुसार अवघ्या २१ महिन्यांत उभारलेले मुंबई सेंट्रल स्थानक १९३० मध्ये सुरू झाले. १९३७ चे ब्रेबॉर्न स्टेडियमही याच पेढीचे काम होय. या पेढीच्या मोठ्या कामांत कीर यांचा सहभाग असल्याचे त्यांच्या चरित्रपर लेखनात नमूद केले जाते.

कीर यांची उन्नती घडली तो काळही अनुकूल होता. १८९६ च्या प्लेगनंतर मुंबईच्या दाट वस्त्यांचा प्रश्न ऐरणीवर आला. १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, नवे रस्ते आखले गेले आणि दादर, माटुंगा, शिवाजी पार्क या उत्तरेकडील भागांत नियोजित वसाहती उभ्या राहू लागल्या. १९२० मध्ये विकास खाते स्थापन होऊन चाळींच्या बांधकामाला वेग आला. शहर वाढत होते आणि त्याला कुशल हात हवे होते. ज्या कारागिराने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लाकूडकाम आत्मसात केले, त्याला विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत कंत्राटदार होण्याची संधी होती. कीर यांनी ही संधी साधली. वैयक्तिक सचोटी व परिश्रम यांचे महत्त्व कमी न लेखता, त्यांच्या यशामागील ही नागरी प्रक्रियाही ध्यानात घ्यावी लागते.

येथे एक बाब विशेष नोंदविली पाहिजे. पारशी मालक, भंडारी मिस्त्री, निरनिराळ्या जातींचे गवंडी, पाथरवट व बिगारी आणि इंग्रज वास्तुविशारद हे सर्व एकाच बांधकामावर काम करीत. तेथे जातिभेद नव्हता असे नाही. गवंड्याचे व सुताराचे काम पुष्कळदा जातीनेच ठरत असे आणि पाणवठाही वेगळा असू शके. तथापि परंपरेने माडावर चढणाऱ्या जातीतील मुलगा सुतार होऊ शकत होता, सुताराचा कंत्राटदार होऊ शकत होता आणि त्याची योग्यता त्याच्या कामावरून ठरत होती. देवळाच्या दारात मात्र हीच व्यक्ती जन्मावरून ओळखली जात होती. कीर यांच्या जीवनातील मुख्य विसंगती हीच होय.

४. मिळकतीचा विनियोग

संपन्नता आल्यानंतर कीर यांनी आपल्या मिळकतीचा मोठा भाग लोकोपयोगी बांधकामांवर खर्च केला. रत्नागिरीच्या किल्ल्यावर त्यांनी भागेश्वर हे शिवमंदिर बांधले. मुंबईत दादर येथील हिंदू स्मशानभूमीसाठी त्यांनी जागा उपलब्ध करून दिली. शिवाजी पार्कलगतची ही स्मशानभूमी आजही त्यांच्या नावाने ओळखली जाते. याच परिसरातील दादर चौपाटीवर ७ डिसेंबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्यावर अंत्यसंस्कार झाले व तेथे पुढे चैत्यभूमी उभी राहिली. रत्नागिरीतील विधी महाविद्यालयालाही कीर यांचे नाव देण्यात आले आहे.

या कार्याच्या स्वरूपाकडे लक्ष दिल्यास त्यामागे एक सूत्र दिसून येते. मंदिर असो वा स्मशानभूमी, त्यांनी प्रामुख्याने जागा व वास्तू दिल्या. ज्या गोष्टीतून आपण मोठे झालो तीच गोष्ट समाजाला परत देण्याची ही कारागिराची वृत्ती होय. स्मशानभूमीची निवडही बोलकी आहे. परगावाहून आलेल्या चाकरमान्याला मुंबईत राहायला खोली मिळणे जितके कठीण, तितकेच मृत्यूनंतर सन्मानाने निरोप मिळणेही कठीण होते. वाढत्या उपनगरातील सामान्य कुटुंबांची ही गरज घरे बांधणाऱ्या माणसाच्या ध्यानात येणे स्वाभाविक होते.

५. पतितपावन मंदिर : प्रवेशाचा तिसरा मार्ग

जानेवारी १९२४ मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून सुटका झाल्यावर सावरकरांना रत्नागिरी जिल्ह्याबाहेर जाण्यास व राजकारणात भाग घेण्यास बंदी होती. त्यामुळे त्यांनी अस्पृश्यतानिवारण, सहभोजन, शाळांतून मुलांना एकत्र बसविणे इत्यादी सामाजिक प्रश्न हाती घेतले. रत्नागिरीच्या विठ्ठल मंदिरातील प्रवेशाचा प्रश्नही याच काळात पुढे आला.

हा काळ महाराष्ट्रात मंदिरप्रवेशाच्या चळवळींचा होता. आपल्या वऱ्हाडात १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिराच्या प्रवेशाचे आंदोलन झाले व त्यात डॉ. पंजाबराव देशमुख यांनी पुढाकार घेतला. १९२९ मध्ये पुण्यात पर्वती सत्याग्रह झाला. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिराचा सत्याग्रह सुरू झाला आणि तो काही वर्षे चालला. या सर्व ठिकाणी अडचण समान होती. मंदिर जुने, त्यावर पुजारी, पंच वा वहिवाटदारांचा ताबा आणि परंपरेला कायद्याचे पाठबळ. अशा परिस्थितीत प्रवेश मागणाऱ्यापुढे दोन मार्ग उरत होते. न्यायालयात जाणे हा एक आणि सत्याग्रह करणे हा दुसरा.

भंडारी समाज अस्पृश्य गणला जात नव्हता. परंतु त्याला वेदोक्ताचा अधिकार नव्हता व गाभाऱ्यापर्यंतचा प्रवेशही नव्हता. तरुणपणी देवळात झालेल्या अवमानामुळे स्वतःचे मंदिर उभारण्याचा निश्चय भागोजींनी केला, अशी आठवण सांगितली जाते. या निश्चयातून केवळ एक खासगी मंदिर उभे राहिले असते तर तो वैयक्तिक प्रतिष्ठेचा विषय ठरला असता. सर्व हिंदूंना, अस्पृश्य मानल्या गेलेल्यांसह, खुले असणारे मंदिर बांधावे, हा आग्रह सावरकरांनी धरला आणि कीर यांनी तो मान्य केला. १० मार्च १९२९ रोजी शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्ते शिलान्यास झाला व २२ फेब्रुवारी १९३१ रोजी लक्ष्मीनारायणाचे हे मंदिर खुले झाले.

दोन वर्षांच्या आत हे काम पूर्ण झाले, ही गोष्ट कारागिराच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. त्याच काळात नाशिकला सत्याग्रही काळारामाच्या बंद दारासमोर बसलेले होते. रत्नागिरीत मात्र स्वतंत्र जागेवर नवी वास्तू उभी राहिली. तेथे जुना वहिवाटदार नव्हता, परंपरेचा दाखला नव्हता आणि त्यामुळे कोणाची परवानगी मागण्याचाही प्रश्न नव्हता. न्यायालय व सत्याग्रह यांखेरीजचा हा तिसरा मार्ग होता आणि तो पैशाने व बांधकामाच्या ज्ञानाने शक्य झाला. 'हे दार सर्वांना उघडे असावे' असे विचारवंत म्हणू शकतो. ते दार ज्या भिंतीत बसवायचे ती भिंत बांधण्याची ऐपत कीर यांच्याजवळ होती. दोघांपैकी एकाचाच उल्लेख केल्यास इतिहास अपुरा राहतो.

६. किनारपट्टीवरील समांतर उदाहरणे

कीर यांचे उदाहरण एकाकी नाही. भारताच्या पश्चिम व दक्षिण किनाऱ्यावर ताडी-माडीच्या व्यवसायाशी परंपरेने निगडित असलेल्या जातींनी याच कालखंडात मंदिराच्या प्रश्नाला निरनिराळी उत्तरे शोधली. तमिळ प्रदेशातील नाडर समाज व्यापारातून संपन्न झाला. १८९७ मध्ये रामनाड संस्थानातील कमुदी येथील मंदिरात नाडरांनी प्रवेश केल्यावर खटला झाला आणि १९०८ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने नाडरांच्या विरोधात निकाल दिला. संपत्ती असूनही न्यायालयाचा मार्ग बंद झाला, हा या निकालाचा अर्थ होता.

केरळात एळवा समाजातील श्रीनारायण गुरूंनी १८८८ मध्ये अरुविप्पुरम येथे स्वतः शिवलिंगाची प्रतिष्ठापना करून नव्या मंदिराचा मार्ग दाखविला. मंगळूर या बंदरात बिल्लव समाजासाठी कुद्रोळी येथील गोकर्णनाथेश्वर मंदिर १९१२ मध्ये नारायण गुरूंच्या हस्ते प्रतिष्ठित झाले. त्यामागे होयिगे बाजारचे व्यापारी कोरगप्पा यांचा पुढाकार होता. संत विचार देतो आणि व्यवसायातून वर आलेला गृहस्थ वास्तू उभारतो, अशी ही जोडी मंगळुरात दिसते. रत्नागिरीतही सावरकर व कीर यांच्या रूपाने अशीच जोडी जमली होती.

या उदाहरणांच्या तुलनेत रत्नागिरीचे वेगळेपण असे की, पतितपावन मंदिर भंडारी समाजाचे मंदिर म्हणून उभारले गेले नाही. आपल्या जातीसाठी स्वतंत्र देवालय मिळवून थांबणे कीर यांना सहज शक्य होते. त्यांनी आपल्यापेक्षा खालचे मानल्या गेलेल्यांसाठीही तेच दार उघडले. जातिव्यवस्थेत मधल्या पायरीवर उभ्या असलेल्या माणसाने वर चढताना खालच्याला बरोबर घेणे ही गोष्ट त्या काळी सामान्य नव्हती.

७. प्रयोगाच्या मर्यादा

या प्रयोगाचे मूल्यमापन करताना त्याच्या मर्यादांकडे दुर्लक्ष करता येत नाही. १९३३ मध्ये रत्नागिरीच्या किल्ल्यावरील मंदिर अस्पृश्यांना खुले करण्याच्या प्रसंगी सावरकरांनी डॉ. आंबेडकरांना निमंत्रण दिले होते. आंबेडकरांनी येण्यास असमर्थता कळवितानाच आपली भूमिका स्पष्ट केली. केवळ अस्पृश्यता गेल्याने भागणार नाही, चातुर्वर्ण्यच नष्ट झाले पाहिजे, असा त्यांच्या उत्तराचा आशय होता. धनंजय कीर यांच्या आंबेडकर-चरित्रात हा पत्रव्यवहार नोंदविला आहे. मंदिराचे दार उघडले तरी घर, जमीन, पाणवठा व विवाह यांतील दारे बंद राहू शकतात, हा त्यातील इशारा होता. १९३५ मध्ये काळारामाचा सत्याग्रह थांबला व त्याच वर्षी येवल्याला धर्मांतराची घोषणा झाली, हे लक्षात घेतल्यास या इशाऱ्याचे गांभीर्य कळते.

दुसरी मर्यादा बंदराशी संबंधित आहे. ज्या किनाऱ्यावर खारवी, गाबीत व भंडारी यांच्याबरोबर दालदी मच्छीमारही त्याच समुद्रात जाळे टाकीत होते, त्या किनाऱ्यावरील हा प्रयोग 'सर्व हिंदू' या मर्यादेत आखलेला होता. श्रमाच्या जगातील सहजीवन आणि मंदिराच्या जगातील एकता यांची सीमारेषा एकच नव्हती.

तिसरी मर्यादा आर्थिक आहे. हा मार्ग ज्याच्याजवळ संपत्ती आहे त्यालाच उपलब्ध होता. एका सुताराचा कंत्राटदार झाला म्हणून त्याच्या हाताखालील सर्व बिगाऱ्यांना तो मार्ग खुला झाला असे नव्हे. सर्वांसाठी हक्क म्हणून मंदिरप्रवेश मिळण्यास १९४७ चा मुंबई प्रांताचा हरिजन मंदिरप्रवेश कायदा आणि १९५० मध्ये अमलात आलेली राज्यघटना यांची वाट पाहावी लागली. कीर यांचे निधन त्यापूर्वीच, १९४० च्या दशकाच्या पूर्वार्धात झाले.

निष्कर्ष :

१. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अबकारी धोरणामुळे भंडारी समाजाचा परंपरागत व्यवसाय अडचणीत आला आणि मुंबईच्या वाढत्या श्रमबाजाराने या समाजातील तरुणांना पर्याय उपलब्ध करून दिला. भागोजीशेठ कीर यांचे स्थलांतर या व्यापक प्रक्रियेचा भाग होते.

२. मुंबईच्या बांधकाम व्यवसायात कौशल्य व विश्वासार्हता यांच्या बळावर कारागिराला वर चढता येत होते. कीर यांची उन्नती हे त्याचे ठळक उदाहरण असून तीमागे वैयक्तिक परिश्रमांइतकाच प्लेगोत्तर नागरी विस्तारही कारणीभूत होता.

३. पतितपावन मंदिर हे वैचारिक प्रेरणा आणि कारागिराची कमाई यांच्या संयोगातून उभे राहिले. जुन्या मंदिराचे दार उघडण्यासाठी न थांबता नवे मंदिर बांधण्याचा मार्ग, एळवा व बिल्लव समाजांच्या उदाहरणांप्रमाणेच, व्यवसायातून आलेल्या आर्थिक स्वातंत्र्यामुळे शक्य झाला. त्यामुळे अभ्यासाच्या आरंभी मांडलेले गृहीतक ग्राह्य ठरते.

४. हा मार्ग सामाजिक समतेचा अंतिम उपाय नव्हता. डॉ. आंबेडकरांनी दाखविलेली त्याची मर्यादा मान्य करूनच त्याचे ऐतिहासिक महत्त्व ठरविले पाहिजे.

'दानशूर' हे विशेषण गौरवाचे असले तरी ते माणसाच्या आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यावर प्रकाश टाकते; त्याआधीची चाळीस-पन्नास वर्षे ते झाकून टाकते. त्या वर्षांत रंधा होता, ओळंबा होता, मजुरांचा हजेरीपट होता आणि गावाकडे जाणारी मिळकत होती. आपापल्या तालुक्यातील मंदिरे, घाट, बाजारपेठा, गिरण्या व शाळांच्या इमारती यांच्या बांधकामाविषयीची कागदपत्रे आणि वृद्धांच्या आठवणी संकलित करण्याचे काम महाविद्यालयीन इतिहास विभागांना सहज हाती घेता येईल. पदवी स्तरावरील प्रकल्पकार्यासाठी हा विषय उपयुक्त आहे. वास्तू कोणी बांधविली याबरोबरच ती कोणी बांधली, हा प्रश्न विद्यार्थ्यांनी विचारू लागावे, एवढे जरी साधले तरी स्थानिक इतिहासाच्या अभ्यासाला नवी दिशा मिळेल.